जुनी ‘आरएस’ घ्यायची? गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही

प्रतिनिधी / बेळगाव

नवी असताना पंचवीस लाखांच्या घरात असलेली, शून्यापासून शंभराचा वेग सात सेकंदांच्या आत गाठणारी गाडी आज वापरलेली घ्यायची म्हटली तर नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात मिळू शकते. पुण्या-मुंबईच्या डीलरचे व्हिडिओ रोज मोबाईलवर येतात. ‘सिंगल ओनर, सगळी सर्व्हिस कंपनीत, एक रुपयाचं काम नाही’ हे वाक्य ठरलेले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक तरुण मग शनिवारी रात्री गाडी पकडून पुण्याला जातात आणि रविवारी टोकन देऊन मोकळे होतात.

पुढचे वर्ष मात्र हिशेब चुकवणारे असते. चार टायर, ब्रेक डिस्क, गिअरबॉक्सचे ऑईल, विम्याचा हप्ता आणि कर्नाटकातला आजीवन कर एकामागून एक दारात उभे राहतात. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण अशा वेळी आठवते. कारण साधे आहे. गाडीची बाजारातली किंमत वर्षागणिक उतरते. तिचे सुटे भाग, टायर, मजुरी आणि कर मात्र ती पंचवीस लाखांची होती त्याच हिशेबाने चालतात.

मग अशी गाडी घ्यायचीच नाही का? घ्यावी, पण आधी हिशेब मांडून. या भागात ज्या गाडीचे आकर्षण मोठे आहे त्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे उदाहरण घेऊन हा हिशेब समजून घेऊ. बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीजची वेगवान सेडान घेणाऱ्यालाही यातले बहुतेक मुद्दे लागू पडतात, फक्त आकडे वाढतात.

कोणती आरएस?

जाहिरातीत नुसते ‘आरएस’ लिहिलेले असते, पण भारतात या नावाच्या वेगवेगळ्या पिढ्या येऊन गेल्या. पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १५० अश्वशक्तीची आणि हाताने गिअर टाकायची होती. नंतर लॉरा व्हीआरएस आली, १६० अश्वशक्तीची. या दोन्ही आता हौशी लोकांच्या गाड्या झाल्या आहेत. त्या रोजच्या वापरासाठी घेणे धाडसाचे.

आज बाजारात जिची चर्चा असते ती २०१७ मध्ये आलेली आरएस २३०. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख रुपये. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. २०२० मध्ये आरएस २४५ आली. तिच्या फक्त २०० गाड्या भारतासाठी होत्या आणि किंमत ३५.९९ लाख. तिला सात गिअरचा डीएसजी आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क. २०२५ मध्ये पुन्हा १०० गाड्या आल्या, २६५ अश्वशक्तीच्या, ४९.९९ लाखांना.

गाड्या मोजक्या असल्याने त्यांचा भाव साध्या ऑक्टाव्हियाइतका पडत नाही. म्हणून फारच स्वस्तात आरएस मिळत असेल तर आनंदाआधी शंका यावी. साध्या ऑक्टाव्हियाला आरएसचे बंपर, जाळी आणि चिन्ह लावून विकण्याचा प्रकारही होऊ शकतो. आरसीवर इंजिनची क्षमता पाहिली की उलगडा होतो. १.८ लिटरची साधी ऑक्टाव्हिया १७९८ सीसीची असते, आरएस २३० ही १९८४ सीसीची.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा. १.८ लिटरच्या साध्या ऑक्टाव्हियात सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. तक्रारींमुळे गाजलेला गिअरबॉक्स तो हाच. आरएस २३० मधला सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा आहे, म्हणजे त्याचे क्लच ऑईलमध्ये बुडालेले असतात. तो जास्त टॉर्क सोसतो आणि जास्त टिकतो. पण त्याला ठरलेल्या वेळी ऑईल आणि फिल्टर बदलून लागतो. ‘डीएसजी म्हणजे डोकेदुखी’ असे सरसकट म्हणणे चूक, आणि ‘हा ओला आहे, याला काही होत नाही’ हेही चूक.

आधी कागद, मग गाडी

गाडी बघायला जाण्याआधी घरी बसून अर्धे काम होते. गाडीचा नंबर घेऊन सरकारच्या परिवहन ॲपवर तिची माहिती काढावी. नोंदणीची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, चलन थकले आहे का, हे तिथे कळते. चेसिस नंबर आरसीवर, गाडीवर आणि विम्याच्या कागदावर एकच हवा.

सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या अधिकृत केंद्रातून विक्रेत्याच्या संमतीने काढून घ्यावा. त्यात दर वेळी किलोमीटर लिहिलेले असतात. २०२१ मध्ये ५२ हजार आणि आज मीटरवर ४८ हजार, असे दिसले तर पुढे बोलायचे काही राहत नाही. तसेच मध्येच दोन वर्षांची सर्व्हिस गायब असेल तर त्या काळात गाडी कुठे होती, बाहेर सर्व्हिस झाली असेल तर बिले कुठे आहेत, हे विचारावे.

विमा कंपनीकडे झालेल्या दाव्यांची माहितीही मागावी. अपघाताचा मोठा दावा असलेली गाडी वाईटच असते असे नाही, पण त्या दुरुस्तीची बिले आणि फोटो दिसायला हवेत.

पुरात बुडालेली नाही ना?

सीमाभागातल्या खरेदीदाराने हा प्रश्न विसरू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांत महापूर आला. अशा पुरात तळघरातल्या, रस्त्याकडेच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली जातात. त्यातल्या काही धुऊन, सुकवून, पॉलिश करून दुसऱ्या गावच्या बाजारात येतात. आरएससारख्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स खच्चून भरलेले असते. वायरिंगचे जोड गालिच्याखालूनही जातात. पाणी शिरलेली गाडी सहा महिने नीट चालते आणि मग एकेक दिवा पेटू लागतो.

तपासणी अवघड नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा आणि शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का पाहावे. सीटखालच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का पाहावे. स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवावे. पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबावा. गाडीत सुवासिक फवारा जरा जास्तच मारलेला असेल तर एसी बंद करून काचा लावून दहा मिनिटे आत बसावे. कोंदट वास लपत नाही.

थंड इंजिन, गरम इंजिन

गाडी बघायला येतो असे सांगताना एक अट घालावी : आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर विक्रेत्याने काहीतरी झाकण्यासाठी आधीच गाडी फिरवलेली असू शकते. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद महत्त्वाचे. साखळीचा खडखडाट, निळसर धूर, आरपीएमचा काटा वर-खाली नाचणे, यापैकी काही दिसले तर थांबावे. या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी साखळी असते. जुन्या लॉराच्या काळातल्या इंजिनांत साखळी ताणून धरणारा भाग कमकुवत होता आणि तो तुटला तर इंजिनच जाते. आरएस २३० मधले इंजिन त्यापुढच्या पिढीचे आहे आणि त्यात हा दोष बराच दूर झाला. तरी आवाज ऐकून खात्री करावी.

या पिढीच्या इंजिनाचा ओळखीचा आजार म्हणजे पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट. दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेले असतात आणि उष्णतेने ते कवच वाकते, मग कूलंट झिरपू लागतो. कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेलेली असणे, इंजिनाच्या बाजूला गुलाबीसर सुकलेले डाग दिसणे ही त्याची खूण. हा भाग आधीच बदललेला असेल आणि बिल असेल तर ती जमेची बाजू. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला सांगावा. कूलंट कमी झाला म्हणून कुणी त्यात हिरवा कूलंट किंवा नळाचे पाणी ओतले असेल तर ते आणखी वाईट. कंपनीने सांगितलेल्या प्रकारात दुसरा प्रकार मिसळू नये.

गाडी चांगली गरम झाल्यावर फेरी मारावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू, ट्रॅफिकमध्ये चालवतात तशी चालवावी. धक्के बसतात का, रिव्हर्स टाकल्यावर गाडी उशिरा हलते का, हे तिथे कळते. वेगात तर सगळ्याच आरएस छान वाटतात. दुखणे कळते ते दहाच्या वेगात, शंभरच्या नाही.

शेवटी संगणकावर स्कॅन. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठी वेगळे स्कॅनर असतात आणि ते वापरणारा जाणकार मेकॅनिक सोबत न्यावा. नुसता ‘चेक इंजिन’चा दिवा बंद आहे हे पुरत नाही, कारण चुका आदल्या दिवशी पुसून टाकता येतात. जाणकाराला ते कळते. त्याची एका दिवसाची मजुरी आणि प्रवास खर्च हा या सौद्यातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

‘स्टेज वन केलंय’ म्हणजे काय?

वेगवान गाड्यांच्या बाजारात हे वाक्य कौतुकाने सांगतात. इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून टर्बोचा दाब वाढवायचा, की पन्नास-साठ अश्वशक्ती वाढते. मजा येते, पण त्याची किंमत क्लच, टायर, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि ब्रेक मोजतात. शिवाय असा बदल जाहीर न करता विमा घेतलेला असेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारण्याचे कारण पुढे करू शकते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट लावलेली गाडी पोलिसांनी अडवली की दंड नव्या मालकाला, जुन्याला नाही. मूळ सायलेन्सर आणि मूळ भाग विक्रेत्याकडे असतील तर ते मागून घ्यावेत. शक्य तर कुणी हात न लावलेली, ‘स्टॉक’ गाडीच शोधावी. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

सीमेवरचा खरा खड्डा : नोंदणी आणि कर

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. गाडी पुण्याची, म्हणजे एमएच. घेणारा बेळगावचा, म्हणजे केए. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची ना-हरकत (नमुना २८), मालकी हस्तांतराचे नमुने २९ आणि ३०, बँकेचे कर्ज असल्यास बोजा उतरवल्याचा नमुना ३५ आणि बँकेचे पत्र, चालू विमा आणि पीयूसी लागते. चलन थकलेले असेल तर ना-हरकत अडकते. म्हणून सगळी चलने विक्रेत्याकडून आधी भरून घ्यावीत.

पुढचा धक्का कराचा. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला याच गटात १३ टक्के. जुन्या गाडीला वयाप्रमाणे करात कपात मिळते, पण ती मोजायला सुरुवात होते गाडीच्या मूळ किमतीपासून, तुम्ही दिलेल्या किमतीपासून नाही. हिशेबासाठी २४.६२ लाखांची किंमत धरली तर १८ टक्के म्हणजे सुमारे ४.४३ लाख, उपकर सुमारे ४९ हजार, एकूण ४.९२ लाख. हा झाला नव्या गाडीचा आकडा. आठ-नऊ वर्षांच्या गाडीला कपात वजा होऊन जे उरते तेही लाखांतच असते. सौदा ठरवण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन, त्या गाडीच्या तारखेप्रमाणे, नेमका आकडा काढून आणावा. एजंटाच्या ‘बघू, करून देतो’ यावर विसंबू नये.

महाराष्ट्रात आधी भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो. मात्र तो आपोआप येत नाही. कर्नाटकात कर भरून नवी नोंदणी झाल्यावर त्याची कागदपत्रे जोडून मूळ आरटीओकडे अर्ज करावा लागतो. तोवर दोन्हीकडचे पैसे अडकलेले असतात. हा परतावा कुणाला मिळणार, हे विक्रीच्या करारातच लिहून घ्यावे.

यावर सीमाभागात एक ‘जुगाड’ हमखास सुचवला जातो : ‘कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या नावावर ठेव, कर वाचतो.’ गाडी चंदगडच्या मामाच्या नावावर आणि फिरवणारा भाचा टिळकवाडीत. हा प्रकार वरवर सोपा दिसतो. पण अपघात झाला आणि नुकसानभरपाईचा दावा लागला तर कागदावर ज्याचे नाव तोच मालक धरला जातो. नोंदणीकृत मालकाची ही जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केली आहे. विम्यात काही खोट निघाली तर भरपाईची नोटीस मामाच्या दारात जाते. दीड-दोन लाखांचा कर वाचवण्यासाठी नात्यातल्या माणसाचे घर-शेत पणाला लावण्यासारखे हे आहे.

याची दुसरी बाजू विक्रेत्यासाठी. गाडी विकली, पैसे मिळाले, पण हस्तांतर झालेच नाही, तर जबाबदारी जुन्या मालकावरच राहते. म्हणून विकणाऱ्यानेही ‘टीटी फॉर्म’वर कोऱ्या सह्या करून मोकळे होऊ नये.

२०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट नंतर बसवावी लागते. २०१७-१८ ची आरएस त्यात येते. राज्य बदलले की नंबर बदलतो, म्हणून जुन्या नंबरची प्लेट बसवण्याआधी हस्तांतराचे वेळापत्रक जुळवावे. नाहीतर दोनदा पैसे जातात.

पैसे देताना सगळा व्यवहार बँकेतून करावा. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. ‘पाच लाख वरचे रोख द्या’ म्हणणारा विक्रेता खरेदीदाराचा पुरावाच काढून घेत असतो.

विमा : नावावर आला का?

गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण गाडीसोबत पुढे चालते, पण स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळण्यासाठी विमा आपल्या नावावर हवा. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. त्याचा फरक नव्या मालकाला भरावा लागतो.

वयाचा फटका दाव्यात बसतो. प्रमाणित नियमांनुसार पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा वजा होतो. प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के. आरएसचा पुढचा बंपर प्लॅस्टिकचाच. म्हणजे चोर्ला घाटात कुणी घासून गेले तर बंपरचे निम्मे पैसे खिशातून. हा घसारा टाळणारे ‘झिरो डेप’ संरक्षण अनेक कंपन्या जुन्या गाडीला देत नाहीत किंवा महाग देतात. कोणती कंपनी किती वयापर्यंत देते, हे गाडी घेण्याआधी विचारावे.

सांभाळायचे कसे?

गाडी घरी आल्यावर पहिले काम ‘बेसलाइन’ सर्व्हिस. आधीच्या मालकाने काय केले यावर विश्वास न ठेवता इंजिन ऑईल, सगळे फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑईल, कूलंट एकदा बदलून तारीख आणि किलोमीटर वहीत लिहावे. तिथून पुढचा हिशेब आपला.

इंजिन ऑईल कंपनीच्या मान्यतेचेच हवे. डब्यावर फोक्सवॅगनचा मान्यता क्रमांक असतो, तो मॅन्युअलशी जुळवावा. नुसते ‘सिंथेटिक’ लिहिलेले पुरत नाही. कंपनी १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. आपल्याकडची धूळ, गर्दी आणि घाट पाहता जुन्या टर्बो गाडीला आठ-दहा हजारांवर ऑईल बदलणे शहाणपणाचे.

सहा गिअरच्या ओल्या डीएसजीचे ऑईल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरवर बदलायचा असतो. अनेक गाड्या नेमक्या ५५-६० हजारांवर विकायला येतात, हा योगायोग नाही. ते काम झाले आहे की नाही, बिल पाहूनच ठरवावे.

टर्बोला दोन सवयी हव्या. सकाळी गाडी सुरू करून लगेच पाय दाबू नये, ऑईल गरम होईपर्यंत शांत चालवावे. आणि घाट चढून आल्याबरोबर चावी बंद करू नये, शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू यावे किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवावे. या सवयींना एक पैसा लागत नाही आणि टर्बो वाचतो.

पेट्रोल कोणते, हे टाकीच्या झाकणामागे लिहिलेले असते. तिथला ऑक्टेनचा आकडा पाळावा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. २०१७ च्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे हौशीची गाडी महिना-दोन महिने तशीच उभी ठेवणे टाळावे, आठवड्यातून एकदा तरी चांगली फिरवावी. इंधनाचे पाइप आणि जोड सर्व्हिसच्या वेळी तपासून घ्यावेत.

टायर हा या गाडीचा कायमचा खर्च. कमी उंचीच्या कडेचे, वेगाची मान्यता असलेले चार चांगले टायर पन्नास हजारांच्या वर सहज जातात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो. २३० अश्वशक्तीच्या पुढच्या चाकांना स्वस्तातले टायर लावणे म्हणजे पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या वळणांवर दैवावर हवाला ठेवणे.

आणि आपले रस्ते. गाडी साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खाली बसलेली आहे. खड्ड्यात अलॉय व्हील वाकते, गावातल्या उंच गतिरोधकावर पोट घासते. घेताना गाडी रॅम्पवर चढवून ऑईलच्या टाकीचा तळ, सस्पेन्शनचे आर्म, बुश आणि शॉकअप पाहावेत. घेतल्यानंतर दर पावसाळ्यानंतर व्हील अलाइनमेंट करावी.

एक दिलासा आहे. या इंजिनाचे बरेच भाग स्कोडा सुपर्ब, फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाड्यांशी जुळतात, त्यामुळे ते मिळतात. अडचण येते ती फक्त आरएसला लागणाऱ्या भागांची. बंपर, दिवे, काही ब्रेकचे भाग यांना आठवडे लागू शकतात. म्हणून गाडी घेण्याआधी तिची सर्व्हिस कुठे होणार, हे ठरलेले असावे.

हिशेब वहीत मांडा

समजा सौदा १५ लाखांना ठरला. त्यात राज्य बदलण्याचा कर आणि खर्च, आरटीओतून आणलेला नेमका आकडा, मिळवावा. विम्याचा पहिला हप्ता मिळवावा. त्यानंतर किमतीच्या १५ ते २० टक्के, म्हणजे सव्वादोन ते तीन लाख, पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावेत. हा काही सरकारी नियम नाही, पण टायर, ब्रेक, पाण्याचा पंप आणि डीएसजी सर्व्हिस एकाच वर्षी आली तर तेवढेच लागतात. एवढे करून बेरीज १९-२० लाखांवर गेली, तर गाडीची खरी किंमत ती आहे, १५ लाख नाही.

ही बेरीज झेपत असेल तर गाडी जरूर घ्यावी. झेपत नसेल तर बारा लाखांची थोडी कमी ताकदीची, एकाच मालकाची, बेळगावचीच केए-२२ गाडी शोधावी. तिला राज्य बदलायचे नाही, कर भरायचा नाही, आणि विकणारा माणूस व त्याचा मेकॅनिक दोघेही गावातच सापडतात. सगळी पुंजी खरेदीतच घालून, कर्जाचा हप्ता भरत, टायरसाठी पुढच्या पगाराची वाट पाहणाऱ्याच्या हातात आरएस ही वेगवान गाडी राहत नाही. ती दारात झाकून ठेवलेली गाडी होते.

टोकन देण्याआधी हे सात प्रश्न

१. आरसीवरचा इंजिन सीसी आणि चेसिस नंबर गाडीशी जुळतो का?

२. अधिकृत सर्व्हिसचा किलोमीटरसह पूर्ण इतिहास हातात आला का?

३. थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहिले का, आणि जाणकाराने स्कॅन केले का?

४. डीएसजी ऑईल आणि पाण्याच्या पंपाचे बिल आहे का?

५. बँकेचा बोजा आणि थकलेली चलने मिटली का?

६. आपल्या आरटीओतून कराचा नेमका आकडा लेखी किंवा पोर्टलवर काढला का?

७. पहिल्या वर्षाचा दुरुस्ती निधी वेगळा काढला का?

सातपैकी एकाचेही उत्तर ‘बघू’ असेल, तर टोकनही पुढच्या रविवारी बघावे. डीलर सांगतो की आणखी दोन गिऱ्हाइके रांगेत आहेत. असू द्यावीत.